बिनपत्त्याची बाळंतीण

बंगळूरकडे गेलेल्या मराठी माणसाला तेथील काही शब्द पहिल्या दिवसापासूनच ओळखीचे वाटतात, परंतु अर्थ पाहू जाता तो फसतो. ‘तायी’ हा त्यांतलाच एक शब्द. मराठीत ताई म्हणजे थोरली बहीण. कानडीत तायी म्हणजे आई. कर्नाटकातील सरकारी आरोग्यकेंद्रात गरोदर स्त्रीची पहिली नोंद झाली की तिच्या हाती एक नोंदपत्र दिले जाते. त्याला ‘तायी कार्ड’ असे नाव आहे. तिचे वजन, रक्तदाब, रक्तगट, रक्तातील लोहद्रव्याचे प्रमाण, दिलेल्या लशी, प्रसूतीची अपेक्षित तारीख हे सारे त्यात लिहिलेले असते. प्रसूतीच्या वेळी ते कार्ड पाहून डॉक्टरास त्या स्त्रीचा नऊ महिन्यांचा इतिहास क्षणात कळतो. योजना उत्तम आहे, आणि तिचे नावही मोठ्या मायेने ठेवलेले आहे.

परंतु त्या कार्डावर एक रकाना पत्त्याचा असतो. जिला पत्ताच नाही, तिने त्या रकान्यात काय लिहावे?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. बंगळूरच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर देवनहळ्ळी नावाचे गाव आहे. इतिहासाच्या वाचकांना ते टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून ठाऊक असते. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर असलेल्या बंगळूर प्रांताच्या आसमंतातलेच हे गाव. तेथील जुना किल्ला अजून उभा आहे, आणि तेथील चकोत, म्हणजे आपल्याकडील पपनस, चवीसाठी प्रसिद्ध आहे. २००८ साली या तालुक्यात बंगळूरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि देवनहळ्ळीचे भाग्य पालटले. द्राक्षांचे मळे आणि शेते यांच्या जागी रुंद रस्ते, गोदामे, निवासी वसाहती व हॉटेले उभी राहिली. ही बांधकामे ज्यांनी केली आणि आजही जे करीत आहेत, ती माणसे दूरदूरच्या प्रांतांतून येतात. यादगीर, रायचूर, कलबुर्गी हे उत्तर कर्नाटकातील कोरडवाहू जिल्हे, आणि त्यांपलीकडे आंध्र, तेलंगण, ओरिसा, बिहार, बंगाल. त्यांच्यापैकी पुष्कळांचा संसार पत्र्याच्या खोपटात किंवा निळ्या ताडपत्रीखाली चालतो. एक काम संपले की ताडपत्री गुंडाळायची आणि दुसऱ्या कामाच्या जागी जाऊन पसरायची. त्या ताडपत्रीला घरक्रमांक नसतो, आणि जमिनीचा मालक भाडेपावती देत नाही.

पुरुषाचे अशा स्थितीत कसेबसे निभावते. स्त्रीचेही निभावते, पण तिला दिवस राहिले की निभावत नाही. तोवर ज्या पत्त्यावाचून फारसे अडले नव्हते, त्याच्यावाचून आता पावलोपावली अडते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये देवनहळ्ळीपासून अवघ्या सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरांवरील तुमकूर शहरात घडलेली घटना पुष्कळांनी वृत्तपत्रांत वाचली असेल. परप्रांतातून आलेली एक गरोदर स्त्री आपल्या लहान मुलीसह तेथे भाड्याच्या घरात राहत होती. कळा सुरू झाल्या तेव्हा शेजाऱ्यांनी पैसे गोळा करून तिला रिक्षाने सरकारी जिल्हा रुग्णालयात नेले. तिच्याजवळ तायी कार्ड नव्हते आणि आधार कार्डही नव्हते. तिला दाखल करून घेण्यात आले नाही. बंगळूरच्या मोठ्या रुग्णालयात जाण्यास सांगण्यात आले, असे प्रसिद्ध झाले. बंगळूरला जाण्याइतके पैसे तिच्याजवळ नव्हते, म्हणून ती घरी परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातच तिला जुळे झाले. आई गेली, आणि दोन्ही अर्भकेही गेली. मागे ती लहान मुलगी तेवढी उरली. रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिका यांना निलंबित करण्यात आले, आणि तातडीच्या वेळी कागदपत्रांसाठी कोणासही उपचार नाकारू नयेत असे राज्य शासनाने बजावले.

त्याच महिन्याच्या ११ तारखेस देवनहळ्ळी तालुक्यातील विमानतळावर सुमारे पाच हजार कोटी रुपयांच्या दुसऱ्या टर्मिनलचे आणि नाडप्रभू केंपेगौडांच्या १०८ फूट उंच पुतळ्याचे उद्घाटन झाले. टर्मिनल सुंदर आहे. त्याला बागेतले टर्मिनल म्हणतात. या दोन घटना शेजारी ठेवण्यात टर्मिनलाला दोष देण्याचा हेतू नाही. एवढेच लक्षात यावे की, ज्या प्रदेशात अशी वास्तू उभारण्याची कुवत आहे, त्या प्रदेशात त्या बाईला खाट मिळाली नाही याचे कारण दारिद्र्य हे असू शकत नाही. आणि तुमकूरच्या त्या स्त्रीच्या डोक्यावर निदान भाड्याचे छप्पर तरी होते. जिच्या डोक्यावर ताडपत्रीच आहे, किंवा तीही नाही, तिची गोष्ट वृत्तपत्रापर्यंत पोचतही नाही.

मग अडते कोठे? आपल्या देशातील सारी सार्वजनिक आरोग्यव्यवस्था घर हा घटक धरून उभारलेली आहे. सपाट प्रदेशात पाच हजार वस्तीस एक उपकेंद्र, तीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र, खेड्यांत हजार वस्तीस एक आशा कार्यकर्ती, असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. आशा कार्यकर्ती घरोघर जाते, नव्याने दिवस गेलेल्या सुनेची वा मुलीची नोंद करते, तिला तपासणीस नेते. ही बाई गावातली असते; कोणाच्या घरात काय चालले आहे ते तिला न विचारता समजते. या व्यवस्थेने मोठे काम केले आहे. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा आपल्याकडे दर हजार जन्मांमागे सुमारे वीस माता दगावत होत्या, म्हणजे लाखामागे दोन हजार. २०१८ ते २०२० या काळाच्या नमुना नोंदणीनुसार ते प्रमाण भारतात लाखामागे ९७, कर्नाटकात ६९ आणि महाराष्ट्रात ३३ इतके खाली आले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातील शंभरांपैकी ९७ प्रसूती रुग्णालयांत झाल्याचे आढळले.

परंतु या पाहणीच्या नावातच ‘कुटुंब’ हा शब्द आहे. ती घरोघर जाऊन केली जाते. जिला घर नाही तिच्या दारी पाहणी करणारा जाणार कसा? शंभरांतल्या ज्या ९७ जणी मोजल्या गेल्या त्या घरातल्या होत. बेघर स्त्री उरलेल्या तिघींतही येत नाही. ती त्या शंभरांच्या बाहेरच उभी आहे.

जनगणनेने मात्र तिची दखल घेण्याचा यत्न केला आहे. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री गणनाकार पदपथांवर, पुलांखाली, रेल्वे फलाटांवर आणि देवळांच्या आवारांत हिंडले आणि उघड्यावर झोपलेली माणसे त्यांनी मोजली. ती संख्या १७ लाख ७० हजारांच्या वर भरली. ही एका रात्रीची मोजणी. ताडपत्रीखाली राहणारा आणि दर काही महिन्यांनी जागा बदलणारा मजूर त्या रात्री घरवाला ठरला की बेघर, हे पुष्कळदा गणनाकाराच्या दृष्टीवर अवलंबून राहिले असेल.

फिरत्या मजुराची आणखी एक अडचण महाराष्ट्राला चांगली परिचयाची आहे. बीडकडील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पश्चिम महाराष्ट्रात, तशीच बेळगावकडील कर्नाटकाच्या कारखान्यांवर त्यांची पाचटाची कोपी पडते. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. दिवस भरत आले तरी बाई मोळ्या वाहते, कारण ती बसली तर कोयता मोडतो आणि घेतलेली उचल फिटत नाही. तिची नोंद गावच्या उपकेंद्रात असते आणि ती स्वतः दोनशे कोसांवर फडात असते. जेथे नोंद आहे तेथे बाई नाही, आणि जेथे बाई आहे तेथे नोंद नाही. देवनहळ्ळीच्या ताडपत्रीखालील स्त्रीची अवस्था याहून वेगळी नाही. फक्त फडाच्या जागी इमारत आहे, आणि भोवतालची भाषाही पुष्कळदा तिची नाही.

वैद्यकशास्त्र याविषयी काय सांगते तेही पाहिले पाहिजे. प्रसूतीनंतर गर्भाशय नीट आकुंचन पावले नाही तर रक्तस्राव सुरू होतो, आणि तो थांबला नाही तर धडधाकट स्त्रीसुद्धा दोन तासांत जाऊ शकते. आकुंचनासाठी दिले जाणारे इंजेक्शन महाग नाही, पण ते थंड जागी ठेवावे लागते आणि वेळेवर द्यावे लागते. रक्तदाब वाढून झटके येतात, त्यावरही औषध आहे. मात्र रक्तदाब वाढत चालला आहे हे आधी कोणाला तरी दिसले पाहिजे. म्हणून बाराव्या आठवड्यापूर्वी पहिली आणि पुढे किमान तीन, अशा चार तपासण्या आवश्यक मानल्या आहेत. रोजंदारीवरील स्त्रीच्या दृष्टीने एक तपासणी म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि वर रिक्षाभाडे. चार तपासण्यांची किंमत तिने मनात मांडली म्हणजे ती कळा सुरू होईपर्यंत का थांबते याचे नवल वाटत नाही.

शासनाने काही केले नाही असे मुळीच नाही. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या आणि रक्त हे सारे विनामूल्य केले. साध्या प्रसूतीस तीन दिवस व शस्त्रक्रियेस सात दिवस आहार देण्याची तरतूद केली. घरापासून रुग्णालयापर्यंत आणि रुग्णालयापासून पुन्हा घरापर्यंत वाहनाची सोय केली. हे शेवटचे कलम वाचताना जरा थांबावे लागते. रुग्णवाहिकेचा चालक जिला परत ‘घरी’ सोडणार, तिने त्याला कोणती जागा दाखवावी?

न्यायालयेही स्वस्थ बसलेली नाहीत. सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या प्रकरणात सांगितले. जून २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. एस. मुरलीधर यांच्यापुढे दोन गरीब स्त्रियांची प्रकरणे आली होती. त्यांपैकी एक बेघर होती आणि उघड्यावर झाडाखाली बाळंत झाली होती. योजना असूनही ती गरजू स्त्रीपर्यंत पोचत नसेल, तर आपण पात्र आहोत हे सिद्ध करण्याचे ओझे तिच्यावर टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेल्याने तिचा हक्क संपू नये, हेही त्यात अभिप्रेत होते. त्याच वर्षी दिल्लीच्या मध्यवस्तीत एक निराधार स्त्री पदपथावर बाळंत होऊन मरण पावली. वृत्तपत्रातील बातमी वाचून त्याच न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले आणि अशा गरोदर व स्तनदा स्त्रियांसाठी निवारागृहे उघडण्याचा आदेश दिला.

योजना आहेत, निकाल आहेत, तरीही तुमकूरची बाई परत गेली. याचा दोष एखाद्या डॉक्टरच्या किंवा कारकुनाच्या निष्ठुरपणावर ढकलून मोकळे होणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. कार्ड मागणाऱ्या माणसाची बाजूही ऐकली पाहिजे. बाईचा पूर्वइतिहास ठाऊक नसला तर डॉक्टरला अंधारात काम करावे लागते, आणि काही विपरीत घडले तर जाब त्यालाच विचारला जातो. अनुदान देताना कागद पाहिला नाही तर एकाच नावावर दोनदा पैसे जातात, आणि ती वसुली कर्मचाऱ्याच्या पगारातून होईल अशी भीती असते. कार्यालयात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे ठाऊक आहे की, ‘कागद का घेतला नाही’ असा शेरा लेखापरीक्षणात पडतो. ‘बाई का परतली’ असा शेरा कधीच पडत नाही. कारण आलेल्या बाईची नोंद होते, परतलेल्या बाईची होत नाही. व्यवस्थेला ज्याची भीती तेच ती टाळते. जोवर परत पाठविलेल्यांची वही प्रत्येक प्रसूतिगृहाच्या दाराशी ठेवली जात नाही आणि वरिष्ठ अधिकारी ती दर आठवड्यास तपासत नाही, तोवर परिपत्रके फाइलीत राहतील आणि बाया रिक्षात राहतील.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, उपचाराची खिडकी आणि अनुदानाची खिडकी यांची फारकत झाली पाहिजे. पैसे देताना कागद अवश्य पाहावा. कळा देणाऱ्या बाईला आत घेताना तिचे पोट हाच कागद मानावा. कार्ड नसेल तर ते दाखल झाल्यावर खाटेवर लिहिता येते. त्यासाठी दार अडवावे लागत नाही.

हा विचार मराठी समाजाला नवा नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्या काळी फसलेल्या विधवेपुढे दोनच मार्ग असत, विहीर किंवा अर्भकाचा गळा. जोतीरावांनी शहरात जाहिरात लावली की, अशा स्त्रीने येथे यावे, गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, आणि मूल न्यावे की ठेवावे हे तिच्या इच्छेवर राहील. तेथे येणारीला घराण्याचे नाव सांगावे लागत नसे, आणि कोणाची ओळख आणावी लागत नसे. १८८४ पर्यंत पस्तीस स्त्रिया तेथे बाळंत झाल्या. त्यांतल्याच एकीचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी रोगी आणले ते त्याच्याच दवाखान्यात.

पंढरपुरास १८७५ साली असेच गृह निघाले. ते काढणारे लालशंकर उमियाशंकर हे तेथे न्यायखात्यात नोकरीस होते. यात्रेच्या गावी टाकून दिलेली अर्भके आणि फौजदारी खटल्यांत उभ्या राहिलेल्या माता त्यांनी पाहिल्या. खटला चालविणे हे त्यांचे काम होते आणि ते त्यांनी केलेच असेल. परंतु कामाबाहेरचे हे काम त्यांनी केले म्हणून ती संस्था पिढ्यान् पिढ्या चालली. सरकारी माणसाने नियमाच्या आत राहूनही किती करता येते, याचे ते जुने उदाहरण आहे.

दुसरी गोष्ट तपासणीची. बाई केंद्रापर्यंत येत नसेल तर केंद्राने ताडपत्रीपर्यंत गेले पाहिजे. देवनहळ्ळीसारख्या तालुक्यात कोठे काम चालू आहे आणि तेथे किती मजूर आहेत हे ठेकेदारास ठाऊक असते. घरोघरच्या यादीस कामावरच्या यादीची जोड दिली, आणि परिचारिका आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी वा संध्याकाळी तेथे गेली, तर मजुरी न बुडता वजन, रक्तदाब आणि रक्त तपासता येईल. बाईचा मुक्काम हललाच, तर तिची नोंद पुढच्या गावी तिच्या आधी पोचली पाहिजे. तेवढे साधन आता प्रत्येक आरोग्यकेंद्रात आहे.

तिसरी गोष्ट प्रसूतीनंतरची, आणि तिचे उत्तर आपल्या घरांतच आहे. पहिलटकरणीला माहेरी नेण्याची आपली रीत केवळ हौसेची नव्हती. सासरच्या कामातून सुटका, शेक-शेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, आणि सव्वा महिना विश्रांती या सर्वांची ती एक संस्थाच होती. आजचे वैद्यकशास्त्र बेचाळीस दिवस बाळंतिणीचे आणि बाळाचे जपावयाचे म्हणते. आज्यांचा सव्वा महिना त्याच्या फार मागे नाही. ताडपत्रीखालील बाईला हे माहेर नाही. तिसऱ्या दिवशी रुग्णालयातून सुटलेली स्त्री पुन्हा वाळूच्या ढिगाजवळ येते. पाणी टँकरचे, आडोसा पोत्याचा. बेचाळिसाव्या दिवसापर्यंत बाळास पाहावयास यावयाची ती आशा कार्यकर्ती तिला शोधणार कोठे?

महाराष्ट्र शासनाने २०१०-११ च्या सुमारास आदिवासी भागांतील आरोग्यकेंद्रांच्या आवारात एक योजना सुरू केली. डोंगरातल्या पाड्यावरील गरोदर स्त्रीने दिवस भरण्यापूर्वी काही दिवस तेथे येऊन राहावे, लहान मूल आणि एक नातेवाईकही सोबत असावे, तिला जेवण मिळावे, अशी ती कल्पना. या जागेला नाव दिले ‘माहेरघर’. पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या पाड्यांसाठी ते योजलेले होते. परंतु वाट काय केवळ नदीनेच तुटते? पत्ता नसल्यानेही तुटते. देवनहळ्ळीसारख्या, मजुरांच्या घामावर वाढणाऱ्या प्रत्येक गावी, तालुक्याच्या रुग्णालयाशेजारी आठ-दहा खाटांचे असे एक घर असले, प्रसूतीपूर्वी काही दिवस व नंतर काही आठवडे तेथे राहता आले, तर ‘कोठे सोडू?’ असे विचारणाऱ्या रुग्णवाहिकेच्या चालकास उत्तर मिळेल. मोठ्या बांधकामाच्या खर्चात त्याचा भाग शोधू गेल्यास भिंग लागेल.

रुग्णाबरोबर आलेल्या परगावच्या माणसांना निवारा मिळावा म्हणून गाडगेमहाराजांनी मुंबईत धर्मशाळा बांधल्या. औषध मिळाले तरी पाठ टेकण्यास जागा नसेल तर औषध लागू पडत नाही, हे त्या अक्षरशत्रू म्हणवून घेणाऱ्या माणसाला कळले होते.

तुमकूरच्या घटनेनंतर राज्याने जे बजावले ते योग्यच होते. पण आज रात्रीही कोठेतरी एखादी बाई रिक्षातून उतरेल. तिची भाषा दारावरच्या माणसाला समजणार नाही, आणि तिच्या हातात कागद नसेल. त्या माणसाला त्या क्षणी परिपत्रकाचा क्रमांक आठवण्याची गरज नाही. कार्डावरील पहिला शब्द त्याने वाचावा, कानडीत वाचावा की मराठीत हा प्रश्न गौण आहे. आई म्हणून वाचला तरी दार उघडावे लागते, आणि बहीण म्हणून वाचला तरीही.